तळाच्या नऊ पायऱ्या

आमच्या गावच्या घाटाला एकवीस पायऱ्या आहेत, असंच सगळे धरून चालले होते. म्हाताऱ्या बायकासुद्धा धुणं घेऊन उतरताना एकविसावरच थांबायच्या, कारण त्यापुढे बारा महिने पाणी असायचं. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात कृष्णा आटत आटत पलीकडच्या काठाला जाऊन चिकटली, मध्ये नुसते डोह उरले, आणि घाटाच्या आणखी नऊ पायऱ्या उघड्या पडल्या. शेवाळ वाळून त्यांच्यावर हिरवा-काळा पापुद्रा धरला होता. गावातली माणसं उगाच येऊन त्या पायऱ्यांवर बसून जायची. पाणी नाही म्हणून हळहळायची आणि पायऱ्या मोजायची.

माझे वडील, आबा, पाथरवट होते. त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत. ते सगळ्यात खालच्या पायरीपाशी गेले, गुडघ्यावर बसले, बोटांनी वाळू उकरली आणि आत हात घालून कितीतरी वेळ तसेच राहिले. मी त्यांची भाकरी घेऊन गेले होते. मला म्हणाले, "सुमे, हितं हात घाल." मी हात घातला तर दगडाखाली लाकूड लागलं, ओलं, गार, गुळगुळीत. आबांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला होता. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं होतं, की घाट लाकडावर उभा आहे. बाभळीच्या ओंडक्यांची चौकट पाण्याच्या तळाशी बसवली आणि तिच्यावर चिरे चढवले. पाण्यात बुडालेलं लाकूड कुजत नाही, दगडाइतकं टिकतं. आबांनी ते आयुष्यभर ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. घाट बांधणाऱ्यांत आमचेच कुणीतरी पूर्वज होते असं घरात सांगत. बांधून घेणारी कुणा सरदाराची विधवा होती, तिचं नाव देवळातल्या शिळेवर आहे. बांधणाऱ्यांचं कुठेच नाही.

पण त्याच दिवशी आबांना धसकाही बसला. लाकूड पाण्यात टिकतं, उन्हात टिकत नाही. कडेचे ओंडके उघडे पडून तडकायला लागले होते. दोन ठिकाणी चिरे खचून हात जाईल एवढी पोकळी झाली होती. पावसाआधी ती भरली नाही, तर येणारं पहिलंच मोठं पाणी घाट आतून उचलून टाकील, असं आबांनी चावडीवर जाऊन सांगितलं. गावात तेव्हा खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतंच. सरपंचांनी तालुक्याला चार खेपा घातल्या आणि घाटाची दुरुस्ती त्या कामात बसवून घेतली. दगडाचं काम आबांकडे आलं. चुन्याचं काम उंब्रजच्या मौलाचाचांकडे. मौलाचाचा आबांचे जुने दोस्त. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चुन्याची भट्टी. सिमेंट आल्यापासून ती विझल्यातच जमा होती, पण नदीकाठी त्यांनी पुन्हा घाणा मांडला. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चुना आणि वाळू मळत जायचं. मौलाचाचा त्यात भिजवलेल्या हिरड्याचं आणि गुळाचं पाणी सोडायचे. गुळाचा वास यायचा आणि आम्हा पोरांना भूक लागायची.

भूक त्या वर्षी सगळ्यांनाच होती. घरात मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या लाल परदेशी ज्वारीच्या, भाकरी असायच्या. त्या तव्यावरून काढल्या की पाच मिनिटांत चामड्यासारख्या व्हायच्या. आई हुलग्याचं माडगं करायची, त्यात भाकरी कुस्करली की ती गिळता यायची. कामावर मजुरांना भाजक्या पिठाची गोडसर सुकडी मिळायची, ती दादा स्वतः न खाता माझ्यासाठी फडक्यात बांधून आणायचा. माझा दादा, शंकर, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आबांच्या शेजारी बसून दगड घडवायचा, पण त्याचं मन त्यात नव्हतं. पहाटे तो सगळ्यांच्या आधी उठून उंब्रजच्या रस्त्याला पळत जाऊन यायचा. आमच्याकडे घराआड घर लष्करात. नुकतंच युद्ध होऊन गेलेलं. सुट्टीवर आलेली पोरं बूट वाजवत चावडीवर बसायची आणि दादा त्यांच्या भोवती. थंडीत तो साताऱ्याला भरतीला जाऊन आला होता. पळण्यात पहिला आला, छाती भरली, डॉक्टरांनीही पास केलं. "पत्र येईल घरी" एवढं सांगून त्याला परत पाठवलं होतं. तेव्हापासून पोस्टमन दिसला की दादाच्या हातातली हातोडी थांबायची.

मला अजून त्या हातोड्यांचे आवाज ओळखू येतील. आबांचा आवाज तीन ठोके, मग गप्प, मग खोकला. दगडाची भुकटी त्यांच्या छातीत जाऊन बसली होती. पाथरवटांच्या घरात हे नवं नव्हतं. माझे आजोबाही पन्नाशीच्या आत असेच गेले. दादाचा आवाज भराभर, न थांबता, जणू हा दगड एकदाचा संपवायचा आहे. घाटावर शाळा सुटल्यावर मी जायची, तेव्हा पांदीतूनच कळायचं कोण कामावर आहे ते. एके दिवशी ओंडके उन्हानं तडकू नयेत म्हणून आबांनी बायकांना डोहातलं पाणी आणून त्यांच्यावर ओतायला लावलं. विहिरी कोरड्या, डोहातल्या गढूळ पाण्यासाठी भांडणं होणारे ते दिवस. आई घागर ओतताना म्हणाली, "आवं, मानसांची तोंडं सुकली आन तुमी लाकडाला पानी घालताय?" आबा म्हणाले, "आपुन पाऊस पडला की पिऊ गं. ह्ये एकदा फुटलं की फुटलं." आईनं पुढचीही घागर ओतली.

माझ्या लग्नाचं बोलणं त्याच चैत्रात निघालं. मी नववीत होते. कराडकडच्या मामांनी एक स्थळ आणलं. आईचा हिशेब सरळ होता. दादा एकदा लष्करात गेला की सुट्टी कधी मिळेल सांगता येत नाही, आबांच्या छातीचा भरवसा नाही. म्हणून दादाचं पत्र आलं की तो जायच्या आधी आठ दिवसांत माझं उरकून टाकायचं. चुलीपुढे ती मामांना हे सांगत होती तेव्हा मी परसात भांडी घासत होते. मला शाळा आवडत होती. त्याहून खरं सांगायचं तर शाळा सोडून मला काहीच येत नव्हतं. वर्गात इंग्रजीचा धडा वाचायला बाई मलाच उभं करायच्या. मी राखेनं एकच तांब्या घासत बसले आणि मनात म्हटलं, पत्र येऊच नये.

पत्र आलं ते माझ्याच हातात. दादा खाणीवरून चिरे आणायला गाडीबरोबर गेला होता, आई कामावर, आबा त्या दिवशी ताप आल्यामुळे घरी पडलेले. पोस्टमननं लांब खाकी पाकीट दिलं. टंकलेखन केलेलं इंग्रजी पत्र होतं. आबा उठून भिंतीला टेकून बसले. "वाच," म्हणाले. मी वाचून अर्थ सांगत गेले. दादाचं नाव, आबांचं नाव, कुठल्या केंद्रात हजर व्हायचं, कोणते दाखले आणायचे. तारीख दहा दिवसांवरची होती. आबांनी डोळे मिटून घेतले. तळाच्या थराचे चिरे तेव्हा कुठे बसवायला घेतले होते. तो थर बसवताना दोर धरायला, चिरे वाहायला माणसं पुष्कळ होती, पण ज्याला दगडाची नजर आहे असं एक तरी माणूस खाली लागणार होतं, आणि आबांना आता खाली उतरून वाकवत नव्हतं. मग म्हणाले, "महिनाभर उशिरा ग्येला तर चालंल का? आनखी काय लिव्हलंय त्यात?"

शेवटी एक ओळ होती. दिलेल्या तारखेला हजर न झाल्यास नाव यादीतून कमी केलं जाईल. त्यातला एकही शब्द मला अडला नव्हता. मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आनखी काय न्हाई, आबा."

"मग परत बोलावत्याल," आबा म्हणाले. "सरकारचं काम हाय. एकदा नाव लागलं की लागलं. घाट झाला की म्या सोता त्याला साताऱ्याला घिऊन जातो. तवर ठिव ह्ये तुझ्या पुस्तकात. त्याला कळलं तर ऱ्हायचा न्हाई."

मी पत्र इतिहासाच्या पुस्तकात ठेवलं. आज साताऱ्यात, नातवंडांचे अभ्यास घेताना, मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, की त्या मुलीला तेव्हा काय वाटलं. पश्चात्ताप वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला हलकं वाटलं. संध्याकाळी दादानं सुकडीचं फडकं दिलं, ते मी घेतलं आणि खाल्लं.

तारीख आली आणि गेली. दादा रोज नदीत उतरत होता आणि तळाचा थर एकेक चिरा पुढे सरकत होता. खरंच सुंदर काम होतं ते. जुन्या चिऱ्यांना एकमेकांत धरून ठेवायला लोखंडी आकडे होते आणि आकड्यांच्या खाचांत शिसं ओतलेलं. आबा काठावर सावलीत बसून जुनी खाच वाचायचे, म्हणजे तिच्यावरून बोट फिरवून सांगायचे, की हा माणूस डावखुरा होता, हा घाईत होता, हा मोठा कारागीर. "शंकऱ्या, ह्यो बघ, ह्यानं पान्याखाली जानारी बाजूबी घासून घेतलीया. कोन बघनार व्हतं रं?" दादा हसून म्हणायचा, "आबा, आता मीबी घासतोय न्हवं? पन मला तुमी बघताय." तेवढ्या दिवसांत दादाच्या हातोडीचा ठोका बदलला होता. संथ झाला होता. मौलाचाचा आबांना म्हणाले, "बघ गड्या, पोरगं लागलं कामाला." त्या रात्री जेवताना आबांनी दादाच्या ताटात आपली अर्धी भाकरी टाकली.

पोकळीच्या तोंडाशी बसवायचा शेवटचा मोठा चिरा दुपारी खाली सोडत होते. ओंडक्यांच्या उतारावरून, दोन्ही बाजूंनी दोर धरून. खाली दादा चुना पसरून चिऱ्याची बैठक नीट करत होता. मी काठावर मौलाचाचांच्या बैलापाशी उभी होते. दोर ओला होता, गाठ सरकली. चूक कुणाचीच नव्हती, हे नंतर सगळे म्हणाले आणि ते खरं होतं. चिरा वीतभरच घसरला. इतका थोडा, की आधी कुणाला काही कळलंच नाही. दादा ओरडलाही नाही. तो फक्त म्हणाला, "आबा, माझा हात." आबा, ज्यांना चार दिवसांपासून चालताना धाप लागत होती, ते तीस पायऱ्या उतरून सगळ्यांच्या आधी खाली पोचले. पहारी लावून चिरा उचलला. मौलाचाचांनी डोक्याचा पटका सोडून दादाच्या हाताला गुंडाळला, आणि उसाच्या ट्रकमधून त्याला कराडला नेलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात आठव्या दिवशी आबा मला घेऊन गेले. दादा खाटेवर बसला होता. हाताला मोठा पांढरा गोळा बांधलेला. आई त्याला पेज भरवत होती. माझ्याकडे बघून हसला. मग आबांना म्हणाला, "आबा, एक बरं झालं. पत्र आलं न्हाई. आलं असतं आन आता ह्यो हात घिऊन जावं लागलं असतं, तर जास्त वाईट वाटलं असतं. माझं नावच न्हवतं यादीत, असं समजायचं." आईनं डोळे पुसले. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

उंब्रजला एसटीतून उतरून आम्ही गावाकडे चालत निघालो. अर्ध्या वाटेवर आबांना धाप लागली म्हणून लिंबाखाली बसलो. आबा म्हणाले, "सुमे, त्या पत्रात परत बोलवत्याल असं व्हतं न्हवं?"

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. आबांना वाचता येत नव्हतं. पण मी म्हणाले, "न्हाई, आबा. त्या तारखेला न्हाई ग्येला तर नाव कमी करनार, असं लिव्हलं व्हतं."

"तुला तवाच कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग?"

"दादा जानार म्हनून माझं लगीन लावनार व्हता तुमी."

आबा रागावले नाहीत. ते मारतील, ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला सांगायचं व्हतंस की गं. म्या न्हाई म्हनलं असतं तुझ्या मामाला." मग उठले आणि चालायला लागले. घर दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "शंकऱ्याला ह्यातलं काय सांगू नगंस. तुला उभ्या जन्मात एकच भाऊ हाय."

दादा घरी आल्यावर आबांनी स्वतःच त्याला सांगितलं. सकाळची वेळ, दादा ओसरीवर डाव्या हातानं चहाची बशी धरायला शिकत होता. आबा समोर जाऊन उभे राहिले. मी आत चुलीपाशी होते.

"शंकर, तुझं पत्र आलं व्हतं. म्या दडवलं."

दादानं बशी खाली ठेवली. "कवा?"

"घाटाचा तळ धरला तवा."

"वाचलं कुनी?"

"पोस्टमननं वाचून दावलं. सुमी साळंत व्हती."

"तारीख चुकली की नाव कटतं, ह्ये तुमास्नी सांगितलं त्यानं?"

मी फुंकणी हातात धरून उभी होते. तिथून ओसरी चार पावलांवर होती.

"व्हय," आबा म्हणाले. "ठावं व्हतं मला."

दादा उठून परसात गेला. त्या दिवसापासून तो आबांशी बोलला नाही. घाट मौलाचाचांनी आणि बाहेरून आणलेल्या पाथरवटांनी पुरा केला. आषाढात नदी भरून आली, तळाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. दिवाळीनंतर दादा सांगलीला गेला आणि हळदीच्या एका वखारीत राखणदार म्हणून लागला. सणावाराला यायचा. त्याच्या कपड्यांना हळदीचा उग्र वास असायचा. आईशी, माझ्याशी नेहमीसारखा बोलायचा, थट्टा करायचा. आबा ओसरीवर असले तर तो परसातून घरात यायचा. "सुमे, आबांना म्हनावं जेवाया चला," असं आबांच्या देखत मला सांगायचा. माझ्या लग्नाची गोष्ट घरात पुन्हा कुणी काढली नाही. मी पुढे मॅट्रिक झाले, कराडला शिक्षिकेचा कोर्स करायला गेले. मला हवं ते सगळं मिळालं. त्याआधी, मी घरीच असताना, दुसऱ्या हिवाळ्यात आबा गेले. तार मिळाल्यावर दादा आला, डाव्या खांद्यावर तिरडी घेतली, दहाव्याला नदीवर सगळे विधी एका हातानं केले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं. नंतर प्रत्येक वर्षी वाटायचं, सांगायला हवं. आबांनी सांगू नकोस म्हटलंय, ही माझी पळवाट होती आणि तिला मी आज्ञा म्हणत आले. दादाचं लग्न झालं, मुलं झाली. माझंही झालं. भाऊबीजेला तो दर वर्षी न चुकता साताऱ्याला यायचा आणि मी त्याला ओवाळायची. एकदा कुणी जुन्या वास्तूंची नोंद करणारी शहरातली तरुण मुलं मला शोधत आली. घाटाचे फोटो काढले होते, पायऱ्या एकवीस लिहिल्या होत्या. आता खाली बंधारा झाल्यामुळे पाणी कधी उतरतच नाही. मी त्यांना खालच्या नऊ पायऱ्या सांगितल्या, लाकूड सांगितलं, शिसं सांगितलं. एक मुलगी वहीत लिहून घेत होती. तिनं विचारलं, "शेवटची दुरुस्ती कुणी केली?" मी आबांचं नाव सांगितलं. मग दादाचं सांगितलं. आणि मला रडू कोसळलं. मुलं घाबरली, पाणी द्यायला लागली.

त्याच आठवड्यात मी सांगलीला गेले. दादा तेव्हा साठीच्या पुढे होता, काम सुटलेलं, घरापुढच्या कट्ट्यावर बसून असायचा. वहिनी बाजारात गेली होती. मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पत्र, ती ओळ, लिंबाखालचं बोलणं, फुंकणी हातात धरून मी ऐकत होते ते. सांगताना मी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. तो ओरडेल, चालती हो म्हणेल, असं वाटत होतं. मला ते हवंही होतं.

दादा म्हणाला, "आबांना ठावं न्हवतं म्हंजे. नाव कटनार ते."

"न्हवतं."

"पन 'ठावं व्हतं' म्हनले."

"व्हय."

"मी दोन वरसं बोललो न्हाई गं त्येंच्याशी." त्यानं पांगळा हात मांडीवर उलटा ठेवला होता, तसाच राहू दिला. मला लागेल असा एकही शब्द तो बोलला नाही. त्यानं विचारलं, "ती दोन वरसं तू घरी व्हतीस. काय म्हनायचे आबा? माझ्याबद्दल कायतरी म्हनत असतील."

मग मी सांगायला लागले. सांगलीकडची एसटी यायच्या वेळेला आबा काही ना काही निमित्तानं रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. कुणी सांगलीचं भेटलं तर वखारीत राखणदाराला बसायला देतात का, विचारायचे. आईनं दादाला पाठवलेली घोंगडी आबांनी स्वतः मेंढक्याकडून निवडून आणली होती. एकदा मी पाणी द्यायला आत गेले, तर आबा उजव्या हाताची तीन बोटं चिंधीनं मुठीत बांधून भाकरी तोडायचा प्रयत्न करत होते. मला बघून त्यांनी चिंधी सोडली. पण नंतरही कितीदा त्यांच्या मनगटावर वळ दिसायचे.

"आन?" दादा म्हणायचा.

आबांना शेवटी शेवटी काय खावंसं वाटायचं, कोणता सदरा अंगात होता, खोकला रात्री जास्त होता की दिवसा, नदीवर जात होते का, कुणाच्या हातात हात देऊन जात होते. दादा एकेक विचारत गेला आणि मी आठवेल तेवढं सांगत गेले. वहिनी बाजारातून आली, आमच्याकडे बघून न बोलता आत गेली. ऊन कट्ट्यावरून उतरलं. चहा आला, तो तसाच गार झाला.

"आन?" दादा म्हणाला.

माझ्याकडे सांगायला आणखी काही उरलं नव्हतं.